कॉम्प्युटरात शिरलेल्या परक्याची उलटतपासणी

माझे धाकटे दीर दौलतभावजी लालबागला आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून राहतात. गिरणी चालू होती तेव्हा ते गावकीच्या खोलीचे कारभारी होते. गावकीची खोली म्हणजे आमच्या गावाहून आलेले पुरुष बिऱ्हाडाशिवाय एकत्र राहत ती. नवा माणूस वळकटी घेऊन दारात उभा राहिला की भावजी विचारायचे, "खंयचो तू? वाडी खंयची? कोणाचो झील?" गाव, वाडी, बापाचं नाव, सगळी उत्तरं पटली की वळकटी आत. नाही पटली तर चहा पाजून वाटेला लावायचे. चहा मात्र पाजायचेच.

गिरणी गेली, खोली गेली, सवय राहिली. आता कुरिअरवाल्यालाही गाव विचारतात. तो बिचारा बिहारचा, तरी सांगतो.

सत्तरी उलटल्यावर ते कॉम्प्युटर शिकले, ते ह्यांच्या गाऱ्हाण्यासाठी. कोकणात कुठल्याही कार्याआधी कोणी एक जण सगळ्यांच्या वतीने देवापुढे मागणं मांडतो, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. ह्यांच्यासारखं गाऱ्हाणं घालणारा आमच्या गावात दुसरा नव्हता. मी बायको म्हणून म्हणते असं वाटेल, पण गावही तसंच म्हणतं. हे जाण्याच्या आदल्या वर्षी भावजींनी ते फोनवर उतरवून घेतलं आणि सुनेच्या जुन्या कॉम्प्युटरात घातलं. पुढे तो फोन पाण्याच्या पिंपात पडला. म्हणजे ह्यांचा आवाज उरला तो त्या एका डब्यात.

परवा दुपारी मी तांदूळ निवडत होते. भावजी दारात येऊन म्हणाले, "वैनी, जरा येवा. घरात कोणतरी शिरलो हा."

"काठी आणू?"

"काठी नको. चष्मो आणा."

जाऊन बघते तर कॉम्प्युटर मिक्सरसारखा घुरघुरतोय. आत कोण कोण काम करतंय त्याची नावं भावजींनी पडद्यावर काढली होती. त्यातल्या एकावर बोट ठेवलं. ऑडिओडीजी असं काहीतरी नाव. "ह्येका मी वळखत नाय. आणि सगळ्यांत जास्त ह्योच खाता."

"मग काढून टाका की."

"आणि कामाचो निघालो तर? मशीन मुका होतला. दादाचो आवाज मगे ऐकतलंव कसो?"

त्यांनी सुनेला, सीमाला, फोन लावला. ती ऑफिसात होती. म्हणाली, "बाबा, पुसू नका हं काही. नाव इंटरनेटवर बघा. मग ती फाईल राहते कुठे ते बघा, आणि तिच्यावर कंपनीची सही आहे का ते."

भावजींचा चेहरा उजळला. म्हणजे त्यांचेच प्रश्न! वाडी खंयची, कोणाचो झील. मलाही गंमत वाटली. एवढं मोठं यंत्र, आणि रीत आपल्या खोलीचीच.

नाव इंटरनेटवर सापडलं. कॉम्प्युटरच्या घरचाच माणूस, आवाजाचं काम बघतो म्हणे. मग भावजी शोधत शोधत खुद्द विंडोजच्या कपाटात शिरले. तिथे त्याच नावाची फाईल ऐटीत बसलेली. तिच्यावर सहीसुद्धा.

"वाडी बरोबर, घराणा बरोबर," भावजी खुर्चीला टेकले. "आपलोच निघालो. च्याय टाका, वैनी."

मी उठले, पण मनात काहीतरी टोचत होतं. "भावजी, भिवा राऊळ आठवतो?"

त्यांनी तोंड कडू केलं. भिवा राऊळ म्हणून एक जण खोलीत आला होता. वाडी बरोबर सांगितली, बापाचं नाव बरोबर सांगितलं. चांगला आठवडाभर जेवला. आणि मग गावाहून खरा भिवा राऊळ आला.

"त्याचा आता हंय काय?"

"नाही, म्हटलं, कपाटात बसलाय तो खरा भिवा. पण इथे जेवतोय तो तोच कशावरून? तुम्ही ह्याला विचारलंच नाहीत. त्याच्या घरी चौकशी करून आलात."

भावजींनी नावांच्या पडद्यावर जाऊन त्या चालू असलेल्यावरच बटण दाबलं आणि त्याचं घर दाखवायला सांगितलं. उघडलं ते भलतंच. ह्यांच्या आवाजातली खरखर काढायला त्यांनी गेल्या आठवड्यात इंटरनेटवरून फुकट काहीतरी आणलं होतं, त्याच्या पोटात हा बसलेला. सहीबिही काही नाही.

सीमाला परत फोन, ह्या वेळी स्पीकरवर. "बाबा, इंटरनेट बंद करा आधी. मग अँटिव्हायरसने सगळं तपासा."

तपासणी चालू झाली. हिरवी रेघ मुंगीच्या पावलाने सरकत होती. मी सीमाला विचारलं, "काय गो, हा आत करतो तरी काय?"

"काही असतात ते आपल्या सगळ्या फाईली कुलपात घालतात, काकी, मग आपल्याला उघडत नाहीत. काही नुसती आपल्या कॉम्प्युटरची ताकद वापरून स्वतःचं काम करून घेतात."

"म्हणजे आपल्या चुलीवर स्वतःचा भात."

"तसंच."

"भाताचो असूं दे रे देवा," भावजी पुटपुटले. पहिल्यांदाच कुणी फुकट जेवावं म्हणून ते देवाला सांगत होते.

रेघ संपली. त्याला पकडून वेगळ्या कोठडीत टाकल्याचं पडद्यावर आलं. घुरघुर थांबली. भावजींनी ते फुकटचं सामानही काढून टाकलं. मग गाऱ्हाण्यावर बाण नेला आणि हात तिथेच थांबला.

"तुमी दाबा," म्हणाले.

"मला नाही कळत त्यातलं. दाबा तुम्ही."

दाबलं. आधी खरखर आली, कोणाचं तरी खोकणं आलं, आणि मग हे. "बा देवा म्हाराजा, आज जी काय सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत..."

प्रत्येक मागण्यानंतर जमलेल्यांनी होकार भरायचा असतो. हे थांबले तसे भावजी म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हटलं. फोन चालूच राहिला होता. त्यातून सीमा ऑफिसातल्या हळू आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा." आणि लगेच, "बाबा, संपलं की इंटरनेट चालू करा आणि ह्याची एक कॉपी मला पाठवा. आत्ता, मी फोन ठेवत नाही."