डावीकडची रिकामी जागा

आमच्या कोल्हापुरात मॅचला एक खेळाडू कमी पडला, तर प्रेक्षकांतली निम्मी माणसं चपला काढून तयार असतात. त्यामुळे जपानात एदोगावाला राहायला आल्यावर मी जो आगाऊपणा केला, तो जित्याची खोड म्हणून सोडून द्यावा.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा एकटेच राहत. नव्वदी कधीच ओलांडलेली. नदीकाठच्या मैदानावर मी लेकीबरोबर फुटबॉल खेळायचो, तेव्हा ते काठी टेकून बघत उभे राहायचे. एकदा म्हणाले, "डावा पाय चांगला आहे, पण तुम्ही मान खाली घालता." कोल्हापुरात आमच्या तालमीच्या फुटबॉल संघातल्या थोरल्यांनीही माझ्यापुढे याच शब्दांत हात टेकले होते. तेव्हापासून आमचं जमलं. युद्ध संपल्यावर त्यांच्या कॉलेजचा संघ पुन्हा उभा राहिला, त्या पहिल्या हंगामात आजोबा सेंटरला खेळले होते.

त्या कॉलेजचे जुने खेळाडू दर नोव्हेंबरात आताच्या मुलांशी एक सामना खेळतात. आजोबा मला तो बघायला घेऊन गेले. जुने खेळाडू मैदानात उतरले, पाहतो तर दहाच. लेफ्टला कोणी नाही. मी बुटांच्या नाड्या आवळत म्हणालो, "थांबा, मी येतो की." सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मग सगळ्यांनी माना खाली घातल्या. इथे कोणी ओरडत नाही, त्यामुळे आपलं काय चुकलं ते कळायला वेळ लागतो. सामना दहाजणांनीच खेळला.

परतताना स्टेशनच्या बाकावर आजोबांनी सगळं सांगितलं. युद्धानंतर कॉलेजात परतलेले खेळाडू दहाच होते. पायात सैन्यातले बूट, पोटात रताळी. लेफ्टला खेळणारा त्यांचा मित्र मांचुरियाच्या आघाडीवरून अजून यायचा होता. त्याच्या जागी एक नवा मुलगा घ्यायचं ठरलं होतं. पण पहिल्या सामन्याला त्या मित्राची आई आली आणि डावीकडच्या रेषेजवळ, जिथून तो तिला जवळून दिसायचा, तिथे उभी राहिली. आजोबा तिच्याकडे गेले आणि म्हणाले, "तो येईपर्यंत त्याच्या जागी कोणी उभं राहणार नाही." तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते.

तो हंगाम दहाजणांनी काढला. डावीकडून कोणीही यावं आणि गोल करून जावं, अशी गत. जवळजवळ सगळे सामने हरले. हंगाम संपल्यावर कळलं, मित्र हंगाम सुरू व्हायच्या आधीच तिकडे वारला होता. पुढे लीगमध्ये अकराजण खेळायला लागले, पण दर वर्षीच्या या सामन्याला ती माउली येतच राहिली, म्हणून इथे दहाच. ती गेली, तोवर त्याची रीत होऊन बसली होती.

"त्या दहातला मी एकटाच उरलोय," आजोबा म्हणाले. "मी शब्द दिला होता. तो येणार नाही हे कळल्यावर, आता ती जागा भरतो, असं तिला सांगायला हवं होतं, ते माझ्याने झालं नाही. आता मरायच्या आधी ती जागा भरलेली बघायचीय."

"मग सांगा ना त्यांना."

"दर वर्षी सांगतो. ते म्हणतात, परंपरा आहे."

मला रागच आला. परंपरेपुढे आपण काय कमी वाकतो? पण ज्याने ती सुरू केली तोच हात जोडून थांबवा म्हणत असेल, तर ऐकायला काय जातं?

गेल्या नोव्हेंबरात आजोबा हॉस्पिटलातून दिवसभराची परवानगी काढून आले, व्हीलचेअरवर. खुर्ची मी ढकलत होतो. जुन्या खेळाडूंचे कप्तान, तेही साठीचे, पुढे होऊन वाकले. तेव्हा आजोबांनी माझ्या दंडाला धरून उभं राहायला घेतलं. कसेबसे उभे राहिले आणि त्या कप्तानापुढे कमरेत वाकले. इथे थोरला धाकट्यापुढे असा वाकत नाही.

"हा परका आहे," आजोबा माझ्याकडे हात करून म्हणाले. "तुम्हाला जड जातं, ते याला जाणार नाही. याला उभं राहू द्या."

कप्तानांनी बाजूला होऊन मला मैदानाकडे हात केला. मी लेफ्टला जाऊन उभा राहिलो. आजोबांची खुर्ची डावीकडच्या रेषेजवळ होती. जागा त्यांनी स्वतः दाखवली होती.

पण चेंडू माझ्याकडे येईचना. मी मोकळा होतो, धावत होतो, हात वर करत होतो. जपानीत ओरडलो, शेवटी "अरे दे की!" असंही ओरडून झालं. कोणी मुद्दाम करत नव्हतं. या सामन्यात वर्षानुवर्षं तिकडे बघायचं नाही अशीच सवय झालेली, त्यांच्या माना वळतच नव्हत्या. पहिला हाफ संपत आला आणि मला रडू यायला लागलं, माझ्यासाठी नव्हे.

तेवढ्यात रेषेपलीकडून आवाज आला. आजोबांचा इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"डावीकडे माणूस आहे!"

कप्तान थबकले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि पास दिला. चेंडू माझ्या पायाशी आला. मी मान खाली घातली नाही. समोर आजोबा दिसत होते, दोन्ही हातांनी खुर्ची धरून रेषेपर्यंत पुढे वाकलेले. ते रडत होते.