शेंदराखालचं नाव

भवानी पेठेतल्या वळणावर जगदेवी तीस वर्षं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी विकते आहे. भावात घासाघीस करणाऱ्याच्या हातातली भाकरी ती सरळ काढून घेते. आणि तिच्या पाठीमागच्या दगडाला कुणी पाय टेकवलाच, तर त्याची धडगत नसते. दगड कमरेएवढा, काळा, वर दोन ओळी कोरलेल्या : 'बिभीषण मास्तर. यांनी आमची नावं विचारली.'

यात काय मोठं केलं, असं वाटेल. नाव तर रेशनवालाही विचारतो. पण जगदेवी लग्न होऊन आली तेव्हापासून सासूनं, मथुराबाईनं, तिला ती हकीकत इतक्यांदा सांगितली होती की आपणच तिथं हजर होतो असं तिला वाटायचं. देशातली पहिली निवडणूक व्हायची होती. मतदारांची यादी करणारे दारात आले की आतून बायका सांगायच्या, अमक्याची बायको, तमक्याची आई. असल्या नोंदी पुढं खोडल्या जायच्या. यादीच्या कामावर आलेले शाळेतले बिभीषण मास्तर मात्र 'भीमाची आई' एवढ्यावर उठले नाहीत, मथुराबाईच्या उंबऱ्यावर मांडी ठोकून बसले.

"भीमाच्या आईला मत न्हाय, बाई. तुला हाय. तुजं नाव सांग."

दुपार कलली तरी माणूस हलेना. शेवटी दाराआडून बारीक आवाज आला, "मथुरा." असं करत मास्तरांनी सगळी पेठ पालथी घातली. मास्तर वारल्यावर हा दगड बायकांनीच उभा केला, आणि मजकूरही त्यांनीच सांगितला.

यंदा रस्ता रुंद करायचं निघालं. दिग्विजय नावाचा तरुण इंजिनियर आला आणि त्यानं दगडावर चुन्याची फुली मारली.

"आज्जी, हा जाणार. देऊळ असतं तर गोष्ट वेगळी होती, त्याला वरून परवानगी लागते," एवढं बोलून तो पुढं गेला.

पोरगा सहज बोलला, पण जगदेवीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिनं तेलात शेंदूर कालवला आणि मास्तरांना वरपासून खालपर्यंत फासला. दोन्ही ओळी बुजल्या. पण दगड वाचतोय ना, असं म्हणून तिनं मन घट्ट केलं.

युक्ती लागू पडली, आणि जरा जास्तच. आठवड्याभरात नारळ फुटायला लागले. कुणी त्याला म्हसोबा केलं. एकाला तर नोकरीचा कौलही मिळाला म्हणे. जेसीबीवाला आला, चपला काढून पाया पडला आणि आल्या वाटेनं निघून गेला. जगदेवीच्या भाकरीही दुपारपर्यंत संपू लागल्या. तिला बरं वाटायचं आणि बरं वाटल्याची लाजही वाटायची.

अशात शेजारच्या बिऱ्हाडातली नवी सून नारळ घेऊन आली.

"मावशी, कंचा देव हाय ह्यो? नाव काय ह्येचं?"

जगदेवीला खोटं बोलता येईना. विषय टाळायला तिनंच उलट विचारलं, "तुजं नाव काय गं?"

"कंचं सांगू?" पोरगी हसली. "म्हायेरी सुकन्या हुतं. हितं लग्नात वैष्णवी ठिवलंय."

ते हसणं जगदेवीला सहन झालं नाही. ज्या माणसानं साऱ्या पेठेतल्या बायकांना त्यांची नावं बोलायला लावली, त्याचंच नाव आपण आपल्या हातानं बुजवलं, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. तिनं तव्याजवळचं उलथनं उचललं, चिंध्या तेलात बुडवल्या आणि भर बाजारात शेंदूर खरवडायला बसली.

"अगं बाई, कोप हुईल की!" लोक ओरडले.

"झाला तर माझ्यावर हुईल. तुमी लांब उबं ऱ्हावा."

अक्षरांच्या खाचांतला शेंदूर तिनं खराट्याच्या काडीनं उकरून काढला. दोन दिवसांनी दिग्विजय आला आणि बघतच राहिला.

"आज्जी, इथं देव होता ना?"

"देव न्हाय, मास्तर हाय. शेंदूर मीच फासला हुता. काय लिवायचं ते लिव."

त्यानं त्या दोन ओळी दोनदा वाचल्या. मग डोकं खाजवून म्हणाला, "जागेवर हा काही राहणार नाही. शाळेच्या भिंतीलगत हलवता येईल, पण पेठेतल्या लोकांचा अर्ज पाहिजे, सह्यांसकट, परवापर्यंत. नाहीतर गोदामात जाईल."

जगदेवीनं दोन दिवस चूल पेटवली नाही, अर्ज घेऊन दारोदार फिरली. पुरुषांनी पटापट सह्या ठोकल्या. बायकांच्या दारात मात्र पेन अडायचं. "ह्यास्नी विचारून सांगते." "पोराला यिऊ दे की घरी." सत्तर वर्षांत निवडणुका किती झाल्या, आणि दाराआडचा आवाज तोच! जगदेवी चिडली, पण उठली नाही. मास्तरांसारखी एकेका उंबऱ्यावर मांडी ठोकून बसली.

दगड आज शाळेच्या भिंतीलगत उभा आहे. नारळ बंद झाले, भाकरीही पूर्वीइतक्याच खपतात. पण जगदेवीला विचारलंत तर ती दगडाचं सांगत नाही, शेवटच्या सहीचं सांगते.

शेवटचं दार शेजारच्या बिऱ्हाडाचं होतं. आतून सासूबाईंनी फर्मावलं, "कर गं सही, वैष्णवी. म्हातारी कवाची ताटकळलीय."

पोरीनं पेन घेतलं, कागदावर टेकवलं आणि तशीच थांबली. तिनं एकदा आत बघितलं, एकदा जगदेवीकडं.

"तुजं नाव लिव, बाई," जगदेवी हळूच म्हणाली.

पोरीनं मान खाली घालून लिहिलं आणि कागद पुढं केला. जगदेवीला अक्षरं सावकाश लागतात. तिनं एकेका अक्षराखाली बोट ठेवलं. सु. क. न्या.