शेंदराने धरलेलं हँडल

लंगड्याने घरी बसून खावं, असं आमच्या काकांचं ठाम मत होतं. मी बसून खात नव्हतो, बसून शिवत होतो; पण तेवढा फरक त्यांच्या डोक्यात कधी शिरला नाही. लहानपणीच्या तापात माझा डावा पाय वाळला. शहापूरकडच्या आमच्या गावातून मुरबाडच्या बाजाराला शिलाई मशीन न्यायचं, तर कुणाच्या तरी बैलगाडीत जागा मागावी लागे. मागून मागून जीव विटला होता. लढाई संपली, कल्याणला लष्कराच्या जुन्या मोटारसायकली विकायला निघाल्या, आणि मी एक घेऊन आलो. किक मारायला उजवा पाय पुरत होता. त्यानंतर मी कुणालाही ‘जरा सरकता का’ म्हटलं नाही.

आईने गाडीला शेंदूर लावला. गावदेवीच्या दगडाला लावतात तसा, खुरासणीच्या तेलात कालवून, हाताने थापून. गाडीचं कपाळ तिने ठरवलं ते हँडलच्या मधोमध, जिथे पुढचा सांगाडा फिरतो त्या मानेवर. मग दर अमावास्येला वर नवा थर.

पुढे हँडल जड होत गेलं. वळताना अडे, मग एकदम सुटे. बाजाराच्या वाटेतल्या किन्हवलीच्या वळणावर ते अडलं ते सुटलंच नाही, आणि मी मशीनसकट भातखाचरात गेलो.

वडिलांमागे घरात शब्द काकांचा. त्यांना आयतंच कारण मिळालं. “लढाईत मेल्या गोऱ्या सोजिराची गाडी हाय ती, त्योच अडवतोय. सोमवारी गिऱ्हाईक येतंय. देऊन टाक नि घरी बस.”

“नाय देत,” मी म्हटलं. तो सोजीर मरून किन्हवलीला कशाला येईल? दुखणं गाडीत होतं आणि मी ते शोधणार होतो.

चाकात हवा होती. ब्रेक-क्लचच्या तारा कुठे अडकत नव्हत्या. शेजाऱ्यांनी पुढची बाजू उचलून खाली ओंडका सरकवला. चाक अधांतरी असलं की हँडलला बोट लावताच ते आपल्या वजनाने बाजूला पडायला हवं. हे जागचं हललं नाही. मानेवरचा नट सैल केला, तरी तेच. म्हणजे नट जास्त आवळलेला नव्हता, आतच काहीतरी भरलं होतं. मी सगळं सोडवून सांगाडा खाली उतरवला. हँडल ज्यांच्यावर फिरतं ते आतले पोलादी छर्रे गळून परातीत पडतील म्हणून आई परात धरून बसली होती. एकही पडला नाही. लाल, टणक वडीत ते रुतून बसले होते. मानेवरची झाकणी आधीच कुठे हरवली होती आणि तिथे फट राहिली होती. त्या फटीतून शेंदूर आत उतरला आणि तेलासकट वाळून दगड झाला.

आईचा चेहरा पडला. “म्हंजी मीच पाडला रे तुला?”

मी पेचकसाने वडी खरवडायला घेतली. काका पुढे झाले. “खरवडू नको! देवीचा शेंदूर हाय. कोप होईल.”

आई उठली, घरातून रॉकेलची बाटली घेऊन आली आणि परातीत ओतली.

“देवीला मी सांगन काय ते. मी लावला, मीच काडीन. पोराची वाट अडवाया नव्हता लावला.”

नवऱ्यामागे दिरासमोर तिने आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला. एकेक छर्रा तिने रॉकेलमध्ये घासून पदराला पुसला. मी ग्रीस भरलं, सांगाडा चढवला, नट बेताने आवळला. बोट लावलं. हँडल डावीकडे पडलं, मग उजवीकडे. मी मोठ्याने ओरडलो, इतका आनंद झाला.

सोमवारी काका गिऱ्हाईक घेऊन आले तेव्हा मी मशीन पुढे टाकीवर बांधत होतो. आईने त्या दिवशी शेंदूर मागच्या मडगार्डला लावला, हात धुतला, पदर खोचला आणि माझ्यामागे बसली. “चल. मलापन बाजार करायचाय.”

काका रस्त्यात आडवे उभे राहिले. हलणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्यांना सरका म्हणायची मला गरजच नव्हती. मी हँडल वळवलं आणि त्यांना वळसा घालून मुरबाडच्या रस्त्याला लागलो.