युद्धनौकेवर आबांची हाक

लातूरच्या आमच्या क्लासची सहल मुंबईला जुन्या युद्धनौकेचं संग्रहालय बघायला गेली, ती काही मौजेसाठी नव्हे. एवढं लोखंड पाण्यावर तरंगतं कसं, यावर परीक्षेला प्रश्न येतो, म्हणून. आमच्या सरांना अख्खं जगच संभाव्य प्रश्न वाटायचं. पालकांपैकी एकटे माझे वडील, आबा, सोबत आले होते. आम्ही भूकंपातल्या गावचे, त्यामुळे लोक आम्हाला कशालाच नाही म्हणत नसत. मला त्याचा राग यायचा. तेवढाच काय तो यायचा, बाकी आत सगळं सुन्न होतं.

भूकंपाच्या रात्री मी आणि आबा शेतात राखणीला होतो. आई घरी होती, आणि दगडामातीच्या घराचं माळवद तिच्यावर कोसळलं. त्यानंतर आबांनी तिचा विषय एकदाही काढला नाही. सरकारनं दिलेल्या सिमेंटच्या घरातही ते झोपत नसत, अंगणात बाज टाकायचे. सगळं गावच तसं झोपायचं. आबांनी आईबद्दल काहीतरी बोलावं, एवढंच मला हवं होतं.

बोटीनं नौकेवर पोचल्यावर वरच्या तोफा बघताना आबा खुशीत होते. "लई दांडगी हाय की रं," म्हणाले. मग लोखंडी जिन्यानं आम्ही खाली खलाशांच्या झोपायच्या खोलीत उतरलो. एकावर एक अरुंद पलंग, डोक्याला लागेल असं छत. आबांनी छताला हात लावून पाहिला. तेवढ्यात कुठंतरी जनरेटर सुरू झाला आणि पायाखालचं लोखंड थरथरलं.

आबा माझं मनगट धरून जिन्याकडं पळाले. मागोमाग क्लासची सगळी पोरं. मुंबईची माणसं बघतच राहिली. उघड्यावर आल्यावर पोरं हसायला लागली. हललं की मोकळ्यात पळायचं, एवढं आम्हाला पाठ होतं. इथं तर खाली जमीनच नव्हती.

आबा हसले नाहीत. जिन्याच्या तोंडाशी वाकून ते ओरडले, "अगं ए, भाईर ये की! लवकर ये!"

आईला ते अशीच हाक मारायचे.

संग्रहालयाचा माणूस खालून वर आला. "काका, खाली कोणी नाही. सगळे आले वर."

"न्हाई," आबा म्हणाले. "सगळे न्हाई आले."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी एवढंच म्हणालो, "आबा, थांबू आपण इथंच."

परतीच्या बोटीवाल्यानं बोलावेपर्यंत आम्ही दोघं त्या जिन्यापाशी थांबलो.