बाईची मॅच आधी

सत्यशीला मुनेश्वरला राग लवकर येतो, असं क्लबातली माणसं म्हणत. ते खोटं होतं. तिला राग फार उशिरा आला. एक्केचाळीस वर्षं लागली.

यवतमाळातल्या त्या साहेबांच्या क्लबात तिचा बाप धर्मपाल मार्कर होता. मार्कर म्हणजे मेंबरांबरोबर टेनिस खेळायचं, त्यांना शिकवायचं आणि शेवटी त्यांच्याकडून हरायचं. मुरमाचं कोर्ट त्यानंच उभं केलेलं. पहाटे पाणी मारणं, रूळ फिरवणं, फक्कीच्या रेघा आखणं, सगळं तोच करी. साहेबलोक यायच्या आधीचा एक तास कोर्ट रिकामं असे. त्या तासात त्यानं लेकीला खेळायला शिकवलं. तार तुटलेली एक रॅकेट त्यानं स्वतः विणून तिला दिली होती. सोळाव्या वर्षी तिचा बॅकहँड असा बसला, की बापाला खरंच धावावं लागे.

लग्न होऊन ती दारव्ह्याला गेली. चार वर्षांत परत आली. "मारत होता," एवढंच तिनं आईला सांगितलं. तुळसाबाई उठली आणि तिनं लेकीसाठी चूल पेटवली.

धर्मपाल गेला तेव्हा क्लबाचं काम तिनं धरलं. काम तेच, बापाचं. पण कागदावर 'माळी' लिहिलं, तेही रोजंदारीवर. "बाई कधी मार्कर असते का?" क्लबाचे सचिव काळमेघ साहेब हसून म्हणाले होते. नवीन येणाऱ्या साहेबांना सर्व्हिस शिकवायची मात्र सत्यशीलानंच. तेव्हाही तिला राग आला नाही. आला असेल तर तिनं तो रुळाखाली दाबला.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. गावोगावी माणसं औषध पिऊन मरत होती आणि यवतमाळात गाड्यांची रीघ लागली होती. समित्या आल्या, पथकं आली, दिल्लीचे आले, मुंबईचे आले. सगळ्यांची उठबस क्लबात. दिवसभर ते खेड्यांत जाऊन विधवांना प्रश्न विचारत आणि संध्याकाळी पांढरे बूट घालून कोर्टावर उतरत. "सत्यशीला, बॉल दे," म्हणत. तिच्या वस्तीत चौथ्या दिवशी नळ येई आणि कोर्टावर रोज टँकर येई. नळी धरून ते पाणी तीच कोर्टावर मारी.

एकदा मोठे पाहुणे येणार म्हणून मांडव घालायचा ठरला. ती सकाळी पोचली तेव्हा मजूर कोर्टाच्या मधोमध पहारीनं खड्डे खणत होते. बापानं तीस वर्षं चाळून दाबलेला मुरूम ढेकळं होऊन पडला होता.

"साहेब, बाजूले मोकळी जागा हाये ना! इथंच काहून?"

"पाहुण्यांना सावलीत बसायचंय. तुझं कोर्ट काय पळून जातंय?" काळमेघ म्हणाले.

सत्तावीस खड्डे. पाहुणे पाऊण तास थांबले. ते खड्डे बुजवून कोर्ट पुन्हा सपाट करायला तिला दोन महिने लागले.

याच दिवसांत पेपरात ती बातमी आली. क्लबात येणारा पेपर मेंबरांचं झालं की ती घरी नेई. ऑस्ट्रेलियात पर्थ म्हणून गाव आहे, तिथं हॉपमन कप नावाची स्पर्धा होते, आणि आशियातली पात्रता फेरी जिंकून आपला देश पहिल्यांदाच तिथं जाणार आहे. संघ केवढा? दोघांचा. हैदराबादची एक पोरगी आणि कूर्गचा एक उंच गडी. एक मॅच बाईची, एक पुरुषाची, एक दोघांची मिळून. आणि बाईच्या मॅचचा गुण पुरुषाच्या मॅचइतकाच.

तिनं ते आईला दोनदा वाचून दाखवलं.

"म्हंजे बाई हारली तं देश अर्धा हारला?" तुळसाबाईनं विचारलं.

"आनं जिंकली तं अर्धा जिंकला."

"मंग तिले कोनी माळीन नसन म्हनत," म्हातारी म्हणाली.

२००७ च्या जानेवारीत तो संघ पर्थला खेळला. फायनलला गेला नाही, पण नवखा असून घाबरलाही नाही. सत्यशीलानं एकेक निकाल कापून डब्यात ठेवला. क्लबातही त्याचीच चर्चा. काळमेघ साहेबांच्या डोक्यात आलं, की सव्वीस जानेवारीला आपणही असाच सामना ठेवावा. राजूरला कोळशाच्या खाणी आहेत, तिथल्या अधिकाऱ्यांचा क्लब आहे, त्यांना बोलवावं. राजूरवाले लगेच हो म्हणाले. त्यांच्या एका इंजिनियरची बायको, साधना, कॉलेजात असताना विद्यापीठाकडून खेळलेली होती.

यवतमाळकडे बाई कोण? मेंबरांच्या बायका पत्ते खेळत. काळमेघ साहेब कोर्टावर आले.

"सत्यशीला, तू खेळशील?"

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"माह्या नावानं?"

"मग काय माझ्या?" ते हसले.

दोन आठवडे ती पहाटे भिंतीवर बॉल मारत राहिली. जोडीला डॉक्टर अक्षय होता, सरकारी दवाखान्यात नवीन आलेला. तुळसाबाईनं पांढरा सलवार-कुडता शिवून घेतला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, खुर्च्या भरल्या. राजूरची साधना पलीकडे उभी राहिली. सत्यशीला सर्व्हिसच्या रेघेवर आली आणि माइकवर काळमेघ साहेबांचा आवाज घुमला.

"पहिला सामना महिला एकेरी. राजूरकडून सौ. साधना ठवरे. आणि यवतमाळकडून सौ. सुलोचना काळमेघ!"

टाळ्या पडल्या. सुलोचनाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरून मान खाली घातली.

सत्यशीलानं हातातला बॉल खिशात टाकला. ती चालत माइकपाशी गेली.

"साहेब, हे कोनाचं नाव घेतलं?"

"अगं, नियम आहे," ते दबक्या आवाजात म्हणाले. "मेंबर किंवा मेंबरची बायकोच खेळू शकते. कागदापुरतं आहे. तू खेळ ना, खेळायला मिळतंय ना तुला?"

आता तो राग आला. रुळाखालचा सगळा.

"माह्या आज्याचं नाव उकंडा होतं," ती म्हणाली. माइक चालूच होता, सगळ्या मैदानाला ऐकू जात होतं. "लेकरू जगावं म्हनून उकिरड्यावर लोळवून ठेवलेलं नाव. त्यानं छप्पनमध्ये नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, आनं माह्या बापाचं नाव बदलून धर्मपाल ठेवलं. बापानं माहं सत्यशीला ठेवलं. आमच्या घरात नावं अशी कमावली हायेत. तुमी ते कागदापुरतं पुसता? कोर्ट माह्या बापानं बांधलं. खड्डे मी बुजवले. तुमच्या साहेबलोकाईले खेळाले मी शिकवलं. आनं आज मी तुमची बायको काहून होऊ?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. काळमेघांचा चेहरा लाल झाला. "हिला बाहेर काढा," ते म्हणाले, पण कुणी उठलं नाही.

तेव्हा साधना नेटजवळ आली. "मी यांच्याशीच खेळायला आलेय," ती म्हणाली. "नाव नीट सांगा. नाहीतर आम्ही निघतो."

पाहुणे निघून गेले तर उद्याच्या पेपरात काय येईल, हे काळमेघांना कळत होतं. त्यांनी माइक ओढला. "यवतमाळकडून सत्यशीला... माळी."

"मुनेश्वर!" ती ओरडली. "सत्यशीला धर्मपाल मुनेश्वर. मार्कर."

डॉक्टर अक्षयनं माइक हातात घेतला आणि तसंच सांगितलं.

ती मॅच पाहणारे अजून सांगतात, की बाई खेळत नव्हती, भांडत होती. पहिला सेट साधनानं घेतला, कारण रागात सत्यशीलाचे बॉल रेघेबाहेर जात होते. दुसऱ्यात ती सावरली. राग तोच, फक्त आता तो रेघेच्या आत पडत होता. तिसरा सेट सहा-दोन, तिचा. साधनानं नेटवरून तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

अक्षय आपली मॅच हरला. सगळं मिश्र दुहेरीवर आलं. आणि तिथं तो भला माणूस पार बिघडला. सगळ्यांसमोर हरल्याची लाज त्याच्या अंगात चढली होती. प्रत्येक बॉलला "मी घेतो, मी घेतो," करत तो तिच्यापुढं घुसू लागला. तिच्या बॅकहँडला येणारा सोपा बॉलही त्यानं घेतला आणि नेटमध्ये घातला.

"डॉक्टरसाहेब, माहा बॉल मले सोडा!"

"सॉरी, सॉरी," तो म्हणे, आणि पुढच्या बॉलला पुन्हा तेच.

हरले. यवतमाळ दोन-एकनं हरलं. कपाच्या फोटोत तिला कुणी बोलावलं नाही आणि संध्याकाळी शिपायानं निरोप आणला, की उद्यापासून येऊ नको.

"नाव घेऊन आली ना?" तुळसाबाईनं विचारलं.

"नाव घेऊन आली, काम टाकून आली."

"जेव आता."

पंधरा दिवसांनी साधनाचं पत्र आलं. राजूरच्या वसाहतीत पोरींना शिकवायला कुणी नाही, येता का? सत्यशीला आईला घेऊन गेली. तिथल्या कोर्टावर सकाळी झाडलं तरी दुपारी कोळशाची काळी धूळ बसते. तिनं जाताच एक अट घातली, की संध्याकाळचा पहिला तास पोरींचा, मग साहेबांचा. एका मॅनेजरनं कुरकुर केली. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बुटाची नाडी बांधायला वाकला.

२००८ मध्ये आपला संघ पुन्हा पर्थला गेला. पुन्हा फायनल नाही. पोरींना तिनं सगळं सांगितलं. तिसऱ्या वर्षी संघांची यादी पेपरात आली, त्यात देशाचं नाव नव्हतं. तिनं यादी खालून वर, वरून खाली वाचली.

"दोनच वर्सं?" ती साधनाला म्हणाली. "बाईले अर्धा देश दिला, आनं दोन वर्सांत दुकान बंद?"

"पुन्हा जातील कधीतरी."

"कधीतरी!" तिनं पेपर खुर्चीवर आपटला. "माह्या बापालेही कधीतरीच म्हनत होते."

त्या उन्हाळ्यात यवतमाळच्या क्लबाचा शिपाई राजूरला आला. कोर्टाला भेगा पडल्यात, मुरूम कुणाला जमत नाही, साहेबांनी बोलावलंय. तिनं एकच विचारलं, "कागदावर काय लिहून देता?" शिपायानं पाकीट दिलं. आत छापील फॉर्म होता आणि हुद्द्याच्या रकान्यात 'माळी (तात्पुरती)' असं टाइप केलेलं होतं.

तिनं पेन मागितलं, 'माळी' खोडून 'मार्कर' लिहिलं आणि फॉर्म परत दिला. त्याचं उत्तर आलं नाही. आता त्या कोर्टावर गाड्या उभ्या करतात. एस.टी.नं यवतमाळला गेली की ती मुद्दाम त्या बाजूनं जाते, कुंपणाशी थांबते आणि तिच्या बापाच्या रेघेवर कुणाचं चाक आहे ते बघते. मग तोंडात येईल ती शिवी देते, मोठ्यानं, आतल्या माणसांना ऐकू जाईल इतकी.