उघाडीची चावी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेत ज्याच्याशी रोज डबा वाटून खातो त्या मित्रालाही नाही. आईला सांगायचा प्रश्नच नव्हता. त्यातलं जुनं ते तिला माझ्याआधीपासून ठाऊक आहे, आणि आम्ही दोघं त्याबद्दल बोलत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हासुद्धा एक भित्रेपणाच, नाही का?

तसा मी वाईट मास्तर नाही — हे वाक्य ज्याला लिहावं लागतं, त्याच्याबद्दल काय समजायचं ते समजा. आगरदांड्याच्या अलीकडे, खाडीकाठच्या माझ्याच गावात मी इतिहास-भूगोल शिकवतो. म्हणजे मुलांच्या हिशेबी झोपेचे दोन तास. पाच वर्षांपूर्वी मी नववीच्या वर्गाचा ब्लॉग सुरू केला. भरती-ओहोटीची आकृती बघून ही पोरं जांभया द्यायची, आणि त्यांचे बाप त्याच भरतीवर होड्या काढायचे. मला ते सहन होईना. मग मी त्यांना जेटीच्या खांबावर खुणा करायला लावल्या, महिनाभर पाणी कुठवर चढतं ते मोबाइलवर टिपायला लावलं. इतिहासासाठी सांगितलं, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहा. लेख आधी माझ्याकडे यायचा. मी वाचून बटण दाबलं की तो जगाला दिसायचा. जगाला म्हणजे मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांना आणि तालुक्याच्या साहेबांना.

तिथीचं गणितही मीच फळ्यावर मांडलं. आपल्याकडे ते कुणाला येत नाही? तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ हाती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी उंच चढतं. अष्टमी-नवमीला भांग, तेव्हा पाणी जेमतेम. पोरं म्हणाली, सर, हे तर आमच्या आज्यालापण येतं. मी म्हटलं, मग आज्यालाच मास्तर समजा. किती खूश होतो मी स्वतःवर!

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणतो आणि पुन्हा लांब पळतो — पण उघाडी म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमची भातशेती खाडीच्या पातळीला आहे. मधे मातीचा बांध, आणि बांधात एके ठिकाणी फळ्यांची दारं. तीच उघाडी. ओहोटीला फळ्या काढून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरतीच्या आत फळ्या बसवून साखळीला कुलूप घालायचं. हे बघणारा एक माणूस गावाने नेमलेला असतो, आणि त्याने चावी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही असा नियम आहे. मी लहान होतो तेव्हा ते काम आमच्या शेजारच्या धर्माकाकांकडे होतं.

एका श्रावणात खारं पाणी शेतात शिरलं. दहीकाल्याच्या दिवशी लोक शेतावर गेले तर भात करपून तांबडं पडलेलं. धर्माकाका तेव्हा कुठे होते? हंडीच्या थरात. गावाला आणखी काय पुरावा हवा? गोविंदा खेळायला गेला नि खाडी शेतात घातली, असं जो तो म्हणू लागला. काम गेलं. घराला ‘खारे’ नाव पडलं, ते आजही आहे.

आणि हाक बंद झाली. पावसाआधी बांधाची डागडुजी असते. एक माणूस दारोदार जाऊन ‘बांधावर चला’ अशी हाक देतो आणि प्रत्येक घरातून एक जण घमेलं घेऊन निघतो. धर्माकाकांच्या घराला ती हाक दिली जात नाही. बाकी सगळं आहे हो — लग्नाची पत्रिका जाते, नळावर बोलणं होतं, वाळीत टाकलंय असं कुणी म्हणणार नाही. फक्त त्या दिवशी हाक देणारा त्यांच्या अंगणासमोरून गप्प जातो. धर्माकाका गेले, त्यांची बायको पार्वतीकाकी आता ऐंशीच्या पुढे आहे. ही सायलीची आजी.

सायली माझ्या नववीत होती. अक्षर किरटं, बोलणं थोडं, पण जेटीवरच्या खुणा एक दिवस न चुकवणारी तीच एकटी. तिने ब्लॉगसाठी लेख पाठवला, त्याचं नाव होतं ‘आमच्या घरी हाक का येत नाही?’

मी तो शाळेच्या संगणकावर उघडला, आणि दुसरा परिच्छेद दोनदा वाचला. तिने लिहिलं होतं: दहीकाल्याला नवमी असते, म्हणजे भांग. आम्ही महिनाभर मोजलं, नवमीचं पाणी शेताच्या कडेपर्यंतसुद्धा चढत नाही. मग त्या दिवशी शेत बुडेल कसं? खारं पाणी लागल्यावर भात तांबडं पडायला आठवडा जातो, हे तिने तीन म्हाताऱ्यांना विचारून लिहिलं होतं. म्हणजे पाणी आठवडाभर आधी शिरलं, नारळी पौर्णिमेच्या उधाणाला. आणि नारळी पौर्णिमेला आजोबा गावात नव्हते. राखी बांधून घ्यायला लाँचने दिघीला उतरून श्रीवर्धनला बहिणीकडे गेले होते, दोन दिवस. जाताना चावी शेजारी दिली होती. शेवटी लिहिलं होतं, ‘शेजारी म्हणजे कोण, ते आजी सांगत नाही. पण आजी आहे तोवर आमच्या घरी एकदा हाक यावी असं मला वाटतं.’

शेजारी आम्ही होतो. नंतर रस्त्याकडेला घर बांधून तिकडे गेलो, म्हणून पोरीला ठाऊक नव्हतं.

चावी माझ्या वडिलांकडे होती. हे मला कधी कळलं म्हणाल, तर तुकड्यातुकड्यांनी. त्या पौर्णिमेला सारा गाव जेटीवर नारळ सोडायला गेला होता. वडील दुपारी घरी आले ते कमरेपर्यंत भिजलेले, हातात टोपलीभर कोलंबी. भरतीला फळी सरकवली की कोलंबी आत येते, मग जाळं लावायचं — ही युक्ती सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांना मनाई आहे. आईने कोलंबी शिजवली आणि आम्ही दार लावून जेवलो. श्रावण आहे म्हणून दार लावलंय, असं मला वाटलं होतं. मोठा झाल्यावर वाटेनासं झालं. शेवटच्या आजारात वडील स्वतःच बोलले: उधाणाच्या जोराने फळ्या परत बसेनात, पाणी चांगलं तासभर शिरत होतं. धर्मा काही बोलला नाही, म्हणाले. त्याने तरी काय बोलायचं? चावी दुसऱ्याला दिली हा त्याचाही गुन्हाच झाला असता. मग वडीलही बोलले नाहीत. पुढे वीसेक वर्षं बांधाच्या कामाचा मानाचा पहिला नारळ त्यांच्या हातचा असायचा.

आणि आता नववीतल्या पोरीने, मीच शिकवलेल्या गणिताने, आमच्या अंगणापर्यंत बरोब्बर माग काढला होता.

मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. निदान लेख बाजूला ठेवून गप्प बसलो असतो, तरी ती साधी भेकड माणसाची चूक झाली असती. पण गप्प बसलो तर ती पुन्हा विचारेल, दुसऱ्या कुणाला दाखवेल, अशी धास्ती होती. म्हणून दुसऱ्या दिवशी मी तो लेख वर्गात वाचला. इतिहास कसा लिहू नये याचा नमुना म्हणून.

सावकाश, चवीने वाचला. म्हटलं, सांगोवांगी म्हणजे इतिहास नव्हे. म्हटलं, आपल्या माणसावर माया असली की पुरावा हवा तसा वाकतो. मागच्या बाकावरून कुणीतरी ‘खारे’ म्हणून खाकरलं, मुलं हसली, आणि मी त्यांना गप्प केलं नाही. सायली उभी राहिली. तिने वाद घातला नाही, एवढंच विचारलं, “पण सर, नवमीला भांग असतं, हे तुम्हीच सांगितलंत ना?”

मी म्हणालो, “पुस्तकात असतं. आपल्या खाडीत तसं नसतं.”

चाळीस मुलं. त्यातल्या निम्म्यांचे बाप त्याच खाडीत जाळी टाकतात. मी बोललो ते खोटं आहे हे त्यातल्या बहुतेकांना समजलं असणार, पण सरांपुढे कोण बोलणार? सायली खाली बसली. मी फळ्याकडे वळलो आणि पुढचा धडा सुरू केला. फळ्यावरचं अक्षर नेहमीसारखंच आलं.

हीच ती गोष्ट. बरोबर उत्तराला मी चूक म्हटलं, जाणूनबुजून, चाळीस मुलांसमोर, आणि ज्या पोरीला म्हटलं तिचा माझ्या शब्दावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

सहामाहीला मी ठरल्याप्रमाणे प्रश्न घातला होता, भांगाची भरती म्हणजे काय. तिने अचूक व्याख्या लिहिली, आकृती काढली, आणि खाली कंसात लिहिलं, ‘आपल्या खाडीला लागू नाही.’ हा टोमणा होता की खरंच शिकली होती ती तसं? मला आजही सांगता येत नाही. मी लाल पेनने पूर्ण गुण दिले. त्या कंसावरून पेन पुढे गेला.

ब्लॉगचं चांगलं नाव झालं. तालुक्याचे साहेब येऊन बघून गेले, माझा सत्कार झाला, मी शालही घेतली. सायलीने नंतर एकच लेख दिला, सुपारीच्या बागांवर. तो सरळ कुठून तरी उतरवलेला होता, मी ओळखला आणि बटण दाबलं. दहावीनंतर तिने अलिबागला कॉमर्स घेतलं. इतिहास नको म्हणाली, असं तिच्या आईने मला बाजारात हसत सांगितलं. मीही हसलो.

आई थकली आहे, तिला या वयात कशाला, वडिलांचं नाव, माझी नोकरी — ही सगळी कारणं मी रांगेने उभी करून पाहिली. एकही खोटं नाही, पण त्या दिवशी वर्गात मला यातलं काहीच आठवलं नव्हतं. मला फक्त माझी लाज आठवली होती.

हाक द्यायचं काम गावात पाळीने फिरतं. यंदा आमच्या घराची पाळी होती. सकाळी निघालो तेव्हा मनाशी ठरवलं होतं, त्या दाराशी हाक द्यायची, मग कुणी विचारलं तर बोलायचं. खरंच ठरवलं होतं. अंगणाशी आलो आणि गप्प पुढे निघालो. तेवढ्यात पार्वतीकाकीनेच ओटीवरून बोलावलं, “ये रे मास्तर, चाय घे.”

बसलो. सायली घरी नव्हती. काकीने कप दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “चावी कुनाकडं हुती ते पोरीनं लई येळा इचारलं. मी न्हाय सांगितलं. तू तिचा मास्तर. तुझ्यावरचा तिचा इस्वास जाया नको.”

मी ‘व्हय’ म्हणालो. चहा गोड होता, तो संपवला, कप खाली ठेवला. पुढच्या घराशी गेलो आणि मोठ्याने हाक दिली.