गिऱ्हाइकांकडे पाठ

बोरिवलीच्या बाजारात गोराईची एक कोळीण मासे विकायची. दुपारी ती गिऱ्हाइकांकडे पाठ करून जेवायला बसे. मग कितीही हाका मारा, भाकरी संपेपर्यंत ती वळायची नाही.

एकदा मी तिचं जेवण आटपायची वाट बघत उभी होते. कडेवर माझी दोन वर्षांची लेक. दहीभात सोडून नवा घास दिसला की तिचे ओठ घट्ट मिटायचे. मोबाइलवरची गाणी, चिऊ-काऊ, सगळं करून झालं होतं.

लेक कडेवरून घसरली आणि कोळणीसमोर जाऊन उकिडवी बसली. कोळणीने तिला 'घे' म्हटलं नाही. ती आपली बोटं चाटत जेवत राहिली. तेवढ्यात लेकीने तिच्या ताटलीत हात घालून परतलेला सुका जवळा थेट तोंडात कोंबला! तिखटाने तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी हात पुन्हा ताटलीत.

मी हबकलेच. "मावशी, अहो ही घरी वरणसुद्धा खात नाही!"

"तू कवा जेवतेस?" तिने न वळताच विचारलं.

"ही झोपल्यावर."

"मंग हिनी तुला जेवताना कवा बघितलंय?"

मी आठवून पाहिलं. एकदाही नाही.